ज्या हाताला चटका कळत नव्हता

"या हाताला गरम काही लावू नका, त्याला चटका कळणार नाही." मित्रांनो, लकवा झालेल्या बबनरावांना दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी हे सांगितले, तेव्हा त्यांच्या सुनेने, अर्पिताने, मान हलवली होती. घरचा शेक त्यात धरायचा नसतो, असे तिला वाटले. आणि घरचा शेक म्हणजे मी.

मी एक जुनी शेकाची थैली आहे. दारव्ह्याजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात राहते. विमलताईंनी विटलेल्या लुगड्याच्या तुकड्यातून मला शिवले आणि पोटात सरकी भरली. तव्यावर गरम व्हायचे आणि दुखऱ्या अंगावर बसायचे, एवढेच माझे काम. वेचणीच्या दिवसांत साऱ्यांच्या कमरा मी शेकल्या. नात खुशी झाली, तेव्हा सून अर्पिताची पाठही शेकली. लोक मला मागून न्यायचे. आता सरकी करपली आहे, शिवण उसवत चालली आहे.

मग विमलताईंचे यजमान बबनराव यांना लकवा झाला. काठी टेकत ते पुन्हा चालू लागले; पण काही महिन्यांनी डावा हात पेटला. मिरची चोळून वर पाणी टाकल्यासारखी आग. चादर लागली तरी अंग चोरायचे. भेटायला आलेल्या शेजारच्या बेबीताईंना त्यांनी हे सांगितले, तर त्या खुश झाल्या.

"दुखते म्हणजे नसा जाग्या होऊन राह्यल्या, भाऊजी. चांगलं लक्षण आहे."

मग जो आला तो हेच म्हणाला. विमलताईंनी तर देवापुढे साखर ठेवली. हात लवकर जागा व्हावा म्हणून माझा शेक वाढला. बबनराव हळूहळू दुखण्याबद्दल बोलायचे थांबले. घरात वाटले, बरे होत आहेत.

मित्रांनो, अंग माझ्याशी बोलते. कोणी आखडते, कोणी म्हणते, जरा थांब. तो हात मात्र नुसत्या स्पर्शाला कळवळायचा, पण चटक्याला काहीच बोलत नसे. तव्यावरून उचलून तशीच ठेवली तरी नाही. मला कळत होते, पण थैलीला कुठे तोंड असते?

एका सकाळी बंडी बदलताना अर्पिताला त्या हातावर फोड दिसले. टरटरून फुगलेले. दवाखान्यातले ते वाक्य तिला आता आठवले. त्या दिवसापासून ती सासऱ्यांकडे तान्ह्या मुलाकडे बघावे तशी बघू लागली. तेव्हा दिसले, की ते डाव्या बाहीत हात घालतच नाहीत. पंख्याचे वारे चुकवून बसतात. आणि खुशी मांडीवर यायला धावली, की काठी आडवी धरतात. पोर रुसून परत जायची.

"बाबा, इतकं दुखते तर सांगत काहून नाही?" अर्पिताने विचारले.

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दुखलं का तुमी सारे खुश होता. मंग कोणाले सांगू?"

अर्पिताने मला तव्याजवळून उचलले आणि खुंटीला टांगले.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी फोडांवर मलम दिले. मग समजावले, की हे दुखणे हातातले नाही. मेंदूत जिथे इजा झाली, तिथून येते. ते बरे होण्याचे लक्षण नाही आणि मनाचा खेळही नाही. गोळी हळूहळू वाढवावी लागली. सुरुवातीला ते दिवसभर पेंगायचे, विमलताई धास्तावायच्या. एक गोळी सोसली नाही, ती बदलली. आग पूर्ण गेली नाही. "आता बसू देते," एवढेच ते म्हणतात. पण परवा ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ओसरीवर बसले. खुशी लांबूनच बघत होती. त्यांनी काठी उचलून भिंतीला लावली आणि तिला हाक मारली. ती आली, उजव्या बाजूने, जपून.

मी अजून खुंटीलाच आहे. कधी विमलताईंचे गुडघे शेकते, तेही अर्पिताने आधी मला स्वतःच्या मनगटावर ठेवून बघितल्यावर. तक्रार नाही. थकले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात कोणी लकव्यातून उठलेले असेल आणि अलीकडे फार गप्प असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. कुठे दुखते, कसे दुखते, ते विचारा. "काही नाही" म्हणाले, तरी लगेच उठू नका.