न बघता वाखाणलेली

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला हातात घेतलेलं नसेल. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळ्या प्लास्टिकची, एखाद्या जाड पुस्तकाएवढी. माझ्या पोटात दोन चक्रं आहेत आणि त्यांच्यावर एक लांबच लांब फीत गुंडाळलेली आहे. त्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. चित्र आणि आवाज त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपानं साठून राहतात. माझ्यात काय साठलं आहे ते मला ठाऊक असतं, पण ते दाखवायला मला योग्य यंत्र लागतं. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या लाजेचं मूळ तिथंच आहे.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून मला विकत घेतलं, ते साल होतं १९९७. माझं घर शाहूपुरीत होतं. तिथं पंचाक्षरी आप्पांची गुळाची अडत होती आणि दुकानाच्या वरच घर. घरात आप्पा, त्यांच्या बायको रत्नव्वा आणि धाकटी मुलगी रक्षिता. थोरली सौंदर्या लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. तिचं एम.एस्सी.चं एक वर्ष राहिलं होतं, ते तसंच राहिलं.

लेक तिकडं एकटी पडली असेल, तिला आपलं काही बघायला मिळत नसेल, ही रत्नव्वांची मोठी काळजी होती. म्हणून त्या तिच्यासाठी टीव्हीवरच्या मालिका आणि रविवारचा सिनेमा आमच्यावर भरून घेत आणि अमेरिकेला जाणाऱ्या कुणाकडं तरी देत. मित्रांनो, हे काम सोपं नव्हतं. जाहिरात सुरू झाली की त्या बटण दाबून मला थांबवत आणि संपली की पुन्हा चालू करत. तेवढा वेळ त्या जागच्या हलत नसत. दारात कुणी आलं तर आतूनच ओरडत, "बसा हो पावणं, आमची सौंदर्या बघायला लागलीया!" जणू लेक शेजारी पाटावर बसली होती. मधेच वीज गेली की त्या वीज मंडळाचा असा उद्धार करत की खाली दुकानातले हमाल हसत. कॅसेट भरली की माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायचं काम रक्षिताचं. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं अक्षर बारीक आणि सरळ. मालिकेचे कोणते भाग आहेत, त्यात काय घडलं, हे ती दोन ओळींत लिही.

मी जवळजवळ भरले होते. शेवटी थोडी फीत कोरी उरली होती. त्याच आठवड्यात आप्पांचा पुतण्या शिवशरण घरी आला. तो लग्नाचं शूटिंग करायचा, कॅमेरा त्याच्याजवळ असे. रत्नव्वा आणि रक्षिता बाजारात गेल्याचं बघून आप्पा त्याला म्हणाले, "शिवशरण, मला जरा सौंदर्याशी बोलायचं हाय. ह्या कॅसेटच्या शेवटी उरलेल्या जागंत."

"काका, फोन करा की सरळ!"

"फोन घरात हाय. घरात सगळीच हायत. बाहेरच्या बूथवर गेलो तर सारी गुळाची पेठ कान लावून बसती."

"मग पत्र लिवा."

"मराठी पत्रं रक्षिता लिहिती. मला येतंय ते कानडी. आणि ते सौंदर्याला वाचता येत न्हाई."

हे खरं होतं. आप्पांची शाळा चिकोडीकडच्या खेड्यात झाली होती. मुली मात्र कोल्हापुरात मराठी शाळेत शिकल्या. घरात दोन्ही भाषा बोलत, पण लिहिण्यापुरतं बाप-लेकींचं सूत जुळत नव्हतं.

शिवशरणनं मला कॅमेऱ्यात घातलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि आप्पांनी त्याला बाहेर पाठवलं. विभूती लावलेलं कपाळ, पांढरी टोपी, हात मांडीवर. असे ते माझ्यात बसले. पहिल्यांदा नुसते खाकरले. मग बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"सौंदर्या, मी आप्पा. रक्षिताला जयसिंगपूरचं स्थळ आलंय. माणसं चांगली हायत, दुकान हाय. पर पुढं शिकू देणार न्हाईत, हे त्येंनी आधीच सांगितलंय. तुझी अव्वा व्हय म्हणती. रक्षिता काय बोलत न्हाई. तुझं शिक्षण मी मधीच तोडलं. त्याचं मला आता वाईट वाटतंय, तवा वाटलं न्हाई. दुसऱ्यांदा चूक व्हायला नगो. तू शिकलेली हायस, तूच सांग. पटत न्हाई म्हणालीस तर मी स्थळाला न्हाई म्हणून कळवतो, तुझं नाव कुठं येणार न्हाई. आणि काय बोलली न्हाईस, तर तुला पटलं असं धरतो."

आपल्याकडं गप्प राहणं म्हणजे होकार. आप्पांनी अडतीवर जन्मभर असेच सौदे केले होते.

कांदालसूण चटणी आणि शेंगदाण्याची पोळी यांच्या मधे बसून मी अमेरिकेला गेले. आमच्याच गल्लीतले हंबीरराव मुलाकडं निघाले होते, त्यांच्या बॅगेतून. वाटेत मला फार अभिमान वाटत होता. माझ्या आधी गेलेल्या कॅसेटींमध्ये नुसत्या मालिका होत्या. माझ्यात एका मुलीचं पुढचं आयुष्य होतं.

सौंदर्यानं चिठ्ठी वाचली, "किती छान अक्षर आहे हिचं," म्हणाली आणि मला फळीवर ठेवलं. तिथं माझ्यासारख्या कितीतरी होत्या. शेजारच्या कॅसेटला मी विचारलं, "आपला नंबर कधी लागतो?"

ती म्हणाली, "लागत नाही."

मग तिनं मला समजावलं. भारतात टीव्हीचं चित्र सेकंदाला पंचवीस वेळा बदलतं, अमेरिकेत तीस वेळा. चित्राच्या रेषांची संख्याही वेगळी, आणि फीत ओढण्याचा वेग तिकडं जास्त. म्हणून आपली कॅसेट तिकडच्या यंत्रात घातली की पडद्यावर नुसते काळे-पांढरे पट्टे धावतात आणि माणसांचा आवाज चिमण्यांच्या भांडणासारखा किचकिचतो. सौंदर्यानं पहिली कॅसेट लावून पाहिली होती. पट्टे बघून ती हसली, मग रडली. त्यानंतर तिनं एकही लावली नाही. दोन्हीकडच्या कॅसेट चालवणारं यंत्र मिळत असे, पण पहिली काही वर्षं ते परवडण्यासारखं नव्हतं. नंतर देशी वाणसामानाच्या दुकानात तिकडच्या यंत्रावर चालणारे हिंदी सिनेमे भाड्यानं मिळायला लागले, आणि त्या यंत्राची आठवणही राहिली नाही.

दर शनिवारी तिच्या घरी चार मराठी कुटुंबं जमत. पोहे होत, सिनेमा लागे. पडद्यावर शेताचा बांध किंवा एखादं रेल्वे स्टेशन दिसलं तरी बायका डोळे पुसत. मधेच कुणाचं तरी लक्ष आमच्याकडं जाई. "अय्या, एवढ्या कॅसेट! तुझी आई किती करते गं तुझ्यासाठी!" सौंदर्या म्हणे, "हो ना. बघायला वेळच पुरत नाही." त्या वेळी मला फळीच्या मागं सरकून बसावंसं वाटे. मित्रांनो, काम करून शिव्या खाणं एक वेळ परवडतं. काहीच न करता शाबासकी घेणं फार जड असतं.

पण खरा प्रसंग तो रविवारच्या फोनचा. आप्पांना वाटे की अमेरिका लांब आहे म्हणजे मोठ्यानं बोलायला हवं. त्यामुळं त्यांचा आवाज फोनमधून बाहेर खोलीभर ऐकू येत असे.

"कॅसेट मिळाली?"

"मिळाली की, आप्पा."

"बघितलीस?"

"बघितली."

"शेवटपतूर?"

सौंदर्यानं माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीकडं नजर टाकली. "व्हय, शेवटपर्यंत. ती सून परत घरी आली ते बघून बरं वाटलं."

पलीकडं आप्पा नुसते खाकरले. मग आप्पा म्हणाले, "तुला काय सांगायचं हाय का?"

"न्हाई आप्पा. छान होती. फार आवडली."

मी फळीवर होते. माझ्यात सगळं होतं. ओरडायला मला तोंड नव्हतं. "आप्पा, आपली कॅसेट इथं लागत न्हाई" एवढं एक साधं, खरं वाक्य सौंदर्या बोलली असती, तर पुरेसं होतं. ती वाईट मुलगी नव्हती. आईचे हात बटणावर ठेवून अवघडले असतील, तिला कसं सांगायचं, एवढाच तिचा विचार होता.

"बरं," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या मे महिन्यात रक्षिताचं लग्न झालं. सौंदर्याला दिवस गेले होते, तिला जाता आलं नाही. बातमी आली त्या दिवशी ती नवऱ्याला, महांतेशला, रागानं म्हणाली, "एम.एस्सी. करायचं म्हणत होती ती! मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही." ती हे बोलली तेव्हा तिचा कोपर माझ्या फळीवर टेकलेला होता.

पुढं रक्षिता माहेरी आली की फोनवर तिच्याशी तुटकच बोले. "बरी हाय," "व्हय," "अव्वाला देते." पत्र तर तिनं परत लिहिलंच नाही. असं का, ते सौंदर्याला कळेना. मला कळत होतं, पण माझ्यावर आता धूळ साचत होती.

आठ वर्षांनी सौंदर्या कोल्हापूरला गेली. तोवर सीडी आल्या होत्या. शिवशरणनं कॅसेटवरून सीडी करून द्यायचं दुकान टाकलं होतं. सौंदर्यानं आम्हा सगळ्यांना एका बॅगेत भरून परत आणलं होतं. अव्वाच्या कष्टाचं चीज करावं, आता तरी हे सगळं बघावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आम्ही तिकडं लागत नव्हतो हे मात्र तिनं अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

शिवशरणनं जुना व्हीसीआर घरी आणला. माझ्या फितीला बुरशी लागली होती, ती त्यानं पुसली. खोलीत सगळे होते. रत्नव्वा खुर्चीवर, आप्पा पलंगावर, जयसिंगपूरहून आलेली रक्षिता दाराशी. कितीतरी वर्षांनी मला माझं यंत्र मिळालं. मालिका लागली. रत्नव्वा खुशीत होत्या. "बघा, एक जाहिरात सापडली तर सांगा!"

मालिका संपली. पडदा जरा खरखरला आणि पांढरी टोपी घातलेले आप्पा दिसले.

पलंगावरचे आप्पा चटकन म्हणाले, "शिवशरण, बंद कर ते." शिवशरण उठला, पण रक्षिता म्हणाली, "असू दे दादा. बघू दे मला."

माझ्यातलं शेवटचं वाक्य संपलं. मग रक्षिता सावकाश म्हणाली, "म्हणजे हे होतं. अक्काला विचारलंय, ती काय बोलली न्हाई, एवढंच आप्पांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, अक्कालाही पटलंय तर मी कुणाच्या जिवावर न्हाई म्हणू?"

सौंदर्या उठून तिच्याजवळ गेली. "रक्षिता, मी हे आज बघतीये. पहिल्यांदा. आपल्या कॅसेट तिकडं लागतच नव्हत्या गं. एकसुद्धा."

"तू बघितली म्हणालीस की," आप्पा म्हणाले. "मी दोनदा विचारलं."

"अव्वाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला?" रत्नव्वा म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "मी सगळ्या गल्लीला सांगत होते गं, माझी लेक माझ्यासंगं बघती म्हणून."

रक्षिता रडली नाही. ती म्हणाली, "अक्का, कॅसेट लागत न्हाई. तीन शब्द. तेवढं म्हणायचं होतंस."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिला एकटीला नगं बोलूस. पोरगी हितं माझ्यासमोर गप्प बसली होती, तिला विचारायचं सोडून मी अमेरिकेला विचारत बसलो."

माझी फीत यंत्रात नुसतीच फिरत होती. शेवटी रत्नव्वा म्हणाल्या, "शिवशरण, शेवटचं तेवढं पुसून टाक बाबा. कुणी बघाय नगो. त्यावर काय तरी देवाधर्माचं भर."

मित्रांनो, माझ्या कडेला एक छोटी प्लास्टिकची चकती असते. ती मोडली की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. रक्षितानं मला यंत्रातून काढलं, केसातली पिन काढली आणि त्या चकतीखाली घालून चकतीच कट्‌ करून मोडली. मग मला शिवशरणच्या हातात देत म्हणाली, "सीडी पहिल्यांदा हिची कर. दोन कर. एक अक्काला दे. तिच्याकडं आता चालंल."

सौंदर्यानं सीडी नेली. मी कोल्हापुरातच, कपाटात आहे.

मित्रांनो, आम्हाला जपा, ऊन आणि ओल लागू देऊ नका, असं कॅसेटनं सांगायची रीत आहे. ते मी सांगणार नाही. आमचे दिवस संपले. एवढंच मागते. लांबून कुणी तुमच्यासाठी काही पाठवलं आणि तुम्ही ते बघितलं नसेल, तर बघितलं नाही म्हणा. त्यात त्याला जेवढं वाईट वाटायचं, तेवढं वाटू द्या.

माझ्या मोडलेल्या चकतीच्या जागी एक छोटं भोक आहे. त्यावर साधी चिकटपट्टी लावली तरी मला पुन्हा पुसता येतं. हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अजून कुणी लावलेली नाही.