मावशीची बैठक

सकाळी लष्कराच्या बुलडोझरनं उम्म नाइफ मावशीचं घर पाडलं. आमच्या हेब्रॉनच्या डोंगरात ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. तरी मी कॅमेरा घेऊन धावलो आणि थेट ढिगाऱ्यावर चढलो.

"अरे गाढवा, बूट घालून बैठकीत?" मावशी कडाडली. "आईनं हेच शिकवलं का?"

खाली पाहिलं. दगडांखालून लाल गालिच्याची कड डोकावत होती. दाराचा उंबरा तेवढा शाबूत होता. गुपचूप मागे फिरून मी तिथं बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर आत गेलो.

मावशीनं भरतकामाचा झगा चढवला, स्टोव्हवर कॉफी उकळली, पहिला पेला मला दिला आणि उंबऱ्यापाशी ताठ बसली. "काढ आता. रडकं तोंड मिळणार नाही हं!"

पलीकडे सैनिक उभे होते. त्यांना तिनं आत बोलावलं नाही.

संध्याकाळी फोटो पाठवल्यावर पेपरच्या संपादकाचा फोन आला. "फोटो झकास, पण यात घर कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. "मावशीच्या शेजारी माझे बूट दिसतात ना? तिथून आत सगळं घरच आहे!"