ऊन पाठीशी

सारजा पटकीच्या साथीत गेली तेव्हा डब्यातला रोल अर्धाच झाला होता. सारजा माझी बायको, आणि डबा म्हणजे फोटो काढायची काळी पेटी. कालव्यावरचे ओव्हरसियर बदली होऊन गेले तेव्हा त्यांनी ती मला देऊन टाकली. आमच्या कळंबात असला डबा माझ्या एकट्याकडं होता, आणि त्यानं मी माणसांचे नाही, पाखरांचे फोटो काढायचो, म्हणून गाव मला बगळेबुवा म्हणायचं. म्हणेना का! "मारायचा न्हाय, खायचा न्हाय, मग बगळा पायजे कशाला?" असं शेजारचा झुंबर दर चार दिवसांनी विचारायचा. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो, "बघायला." एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याच्याशी काय डोकं लावायचं?

डबा अगदीच साधा होता. एक फोटो झाला की रोल पुढं सरकवायची किल्ली फिरवायची, बाकी काही जुळवायचं नाही. ओव्हरसियरांनी सांगितलं होतं, ऊन पाठीशी घ्यायचं, डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या चिमुकल्या काचेत बघायचं आणि श्वास रोखून खटका ओढायचा. आपली सावली मात्र पुढं येऊ द्यायची नाही. आली की फोटो बिघडला. लांबचा पक्षी तिळाएवढा यायचा आणि हलणारा पुसून जायचा. म्हणून पाखरू आपणहून जवळ येऊन गप उभं राहीपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यातच खरी मजा होती. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणी खोपे विणायच्या, ते बघताना मला भुकेची आठवण राहायची नाही. उसाला पाणी सोडलं की मातीतले किडे वर यायचे आणि पाणी वळवणाऱ्या माणसाच्या पायांत बगळे घोटाळायचे. तेव्हा सारजा फावडं धरायची आणि मी डबा. "सरकू का बाजूला?" ती विचारायची. बगळा एकटा हवा म्हणून मी मान हलवायचो. तिचा फोटो काढावा हे आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. ती रोज समोरच तर होती.

ती गेल्यावर मी रडलो नाही. लोक म्हणाले, कुंडलिकचा दगड झालाय. थंडीत पहाटे पाण्यात उभं राहिलं की पाय असतात पण कळत नाहीत, तसं माझं सगळंच झालं होतं. भाकरी खात होतो, बैलांना वैरण घालत होतो. डबा खुंटीला होता. रानात बगळे येत होते, आणि मला त्यांचं काही वाटत नव्हतं.

अशात माझ्या सासूबाई, ठमाबाई, वरकुट्याहून आल्या. माझ्या सख्ख्या मामाची बायको, म्हणून मी त्यांना मामीच म्हणतो. सारजा गेली तेव्हा निरोप मिळून त्या पोचेपर्यंत लेकीची राख झाली होती. पटकीचं मढं कोण थांबवून ठेवणार? त्यांना तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं.

"कुंडलिकराव," ओसरीवर टेकत त्या म्हणाल्या, "तुमी एवढं फोटु काढता, माज्या सारजाचा एक आसंल न्हवं? मला तोंड दावा तिचं. मग मी कायबी मागायची न्हाय."

मी गठ्ठा आणून पुढं ठेवला. बगळे, खंड्या, खोपे, परत बगळे. मामी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. "ही समदी पाखरंच हायती," त्या शेवटी म्हणाल्या.

"व्हय."

"तिचा एकबी न्हाय?"

"डब्यात अजून एक रोल हाय," मी म्हणालो. "त्यात कुठंतरी कडंला आली आसंल." मला तसली काही आशा नव्हती. त्यांना रिकाम्या हातानं घालवायचं जिवावर आलं, म्हणून बोललो.

दुसऱ्या दिवशी रोल संपवायला रानात गेलो. डब्याच्या मागं एक तांबडी काच असते, तिच्यात कितवा फोटो ते दिसतं. तो आकडा मी काढलेल्या फोटोंपेक्षा एकानं पुढं होता. सारजा होती तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. "डब्याला हात लावलास का गं?" मी चिडून विचारलं होतं. "मी कशाला लावू?" म्हणत ती चुलीकडं वळली होती. एक फोटो फुकट गेला म्हणून मी दिवसभर धुसफुसत होतो.

उरलेले फोटो उरकले. पाटाच्या कडेला धोबी पक्षी शेपूट हलवत होता, तो काढला. बाभळ काढली. नुसतं आभाळही काढलं. पूर्वी असल्या धोब्यासाठी मी न्याहारी सोडली असती. आता खटका ओढला आणि घरी आलो.

बारामतीच्या फोटोवाल्यानं पुढच्या बाजारादिवशी फोटो हातात ठेवले. "यातला एक बिघडलाय," तो म्हणाला. "सावली आलीय. टाकून द्या."

मी तो बघितला. सकाळचं ऊन, भिजलेल्या सऱ्या, बगळे, आणि त्यांच्यात फावडं घेऊन ओणवा झालेला एक माणूस. पुढच्या मातीवर लांबलचक सावली पडलेली. अजूनही आपल्याला सावली चुकवता येत नाही म्हणून मी स्वतःवरच चरफडलो. मग त्या माणसाकडं नीट बघितलं. पागोटं माझं होतं. तो मीच होतो. मग डबा कुणाच्या हातात होता?

मी पाणी वळवत असलो की डबा बांधावरच्या बाभळीला टांगलेला असायचा. सारजा न्याहारी घेऊन त्याच वाटेनं यायची.

मी गाडी घराकडं न वळवता वरकुट्याला नेली. मामी अंगणात शेंगा फोडत होत्या. "यात तोंड न्हाय, मामी," मी आधीच सांगितलं. "नुसती सावली हाय सारजाची. तिनंच काढलाय."

त्यांनी हात पुसले, फोटो उजेडाला धरला. मग त्यांचं बोट सावलीवर टेकलं आणि त्या चिडल्या, अगदी मनापासून चिडल्या.

"डोईवर पदर न्हाय बगा! बुचडा उगडा. किती येळा सांगितलं, रानात माणसं आस्त्यात, पदर घे. ऐकंल तर शपथ!" बोट सावलीच्या कोपरापर्यंत गेलं. "आन् कोपरं बगा कशी भाईर काढल्याती. तांदूळ निवडतानाबी आशीच बसायची." त्या हसत होत्या आणि डोळे गळत होते. "आन् खाली मान घालून बगतीया काय एवढं?"

मी डब्याचं समजावून सांगायला गेलो. वर एक काच असते, समोर जे असेल ते तिच्यात दिसतं, असं काहीतरी सांगायचं होतं.

"मला," मी म्हणालो. "मला बगतीया, मामी."

फोटो एकच होता. मामींनी तो पदराच्या टोकाला बांधला. मला तो हवा होता, पण मागता आला नाही. मी रडत होतो.