लाल रेक्झिनवर शीड

मी एक जुनी सीट आहे. मोटारीतली, मागची, तीन माणसांची. सांभाळून बसली तर चार. अंग लाल रेक्झिनचे, पोटात काथ्या आणि अठरा स्प्रिंगा. मित्रांनो, मला तारखा कळत नाहीत. ऊन तेवढे कळते. तेव्हा माझी गोष्ट मी उन्हाच्या मापाने सांगते.

गार

माझा जन्म कोल्हापूरचा. मालवणच्या भाईंनी टॅक्सीसाठी एक जुनी विलायती मोटार घेतली. तिची मूळची कातडी गादी फाटून लोंबत होती. महादू नावाच्या कारागिराने ती उपसून बाहेर टाकली.

"चामडंच घालतो की मालक, लई टिकंल," तो म्हणाला.

"चामडा नको रे बाबा. जत्रेक सोवळ्यातली माणसां बसतली," भाई म्हणाले.

म्हणून रेक्झिन. खाली साधे सुती कापड, वर चकचकीत लेप. दिसायला चामडे, पुसायला सोपे. पोटात भरलेला काथ्या मात्र मालवणकडचाच, घाट चढून आलेला. त्यामुळे आमची मोटार फोंडाघाट उतरू लागली तेव्हा माझे पोट घरी निघाले होते आणि कातडी परगावी.

मार्गशीर्ष होता. लोक माझ्यावरून हात फिरवत. "काय गुळगुळीत!" म्हणत. मी फुगले. स्प्रिंगांवर बसवलेल्यांना फुगणे सोपे जाते.

कोमट

मोटार चालवायला भाईंनी देवबागच्या विठोबाला ठेवले. विठोबाचा जन्म होडीवर गेलेला. एकदा जाळे ओढताना त्याचा उजवा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. चाळिशी ओलांडल्यावर तो मोटार शिकला. इंजिन सुरू करण्याआधी बोट ओले करून वारा कुठला आहे ते बघायचा. लोक हसत. तो म्हणे, "सवय आसा. तुमचा काय जाता?"

तापलेली

चैत्र लागला.

मुंबईची आगबोट बंदराबाहेर उभी राहायची. उतारू पडावातून किनाऱ्यावर येत आणि टॅक्सी धरत. टॅक्स्या दोन. एक आमची, दुसरी गंगारामची. त्याच्या सीटवर विटके कापड होते, मी त्याला मनातल्या मनात चिंधी म्हणत असे. बंदरावर सावली नाही. बोट यायला दुपार होई, आणि तोवर मी...

एक वकील. बसले, उठले.

एक बाई, मांडीवर फणस. "आई गे!"

हाफ पँटमधले एक पोलीस. कट्टा गावापर्यंत अर्धे उभे.

जे बसून राहत त्यांची पाठ घामाने मला चिकटे, आणि उतरताना चर्र असा आवाज होई. तो आवाज त्यांच्या शर्टाचा की माझा, हे मला कळत नसे. पुढच्या खेपेला ती माणसे मला बघत आणि चिंधीकडे जात.

गंगाराम ओरडे, "काय रे विठोबा, आज काय भाजतस? बांगडे काय पाशिंजर?"

चटका

विठोबाने माझ्यावर पाणी ओतले. वाफ आली. घटकाभराने मी पुन्हा तशीच.

मग त्याला माझ्या शिवणीजवळ बारीक चिरा दिसल्या. त्याचा चेहरा एकदम उजळला. हा रोग त्याच्या ओळखीचा होता! होडीचे लाकूड उन्हाने सुकते, चिरते, मग त्याला माशाचे तेल पाजतात. त्याने डबा आणला आणि तारल्यांच्या तेलाचे तीन हात माझ्यावर दिले. इतक्या मायेने दिले की आजही मला त्याचा राग येत नाही.

लाकूड तेल पिते. मी पीत नाही.

सकाळी माझ्यावर सात मांजरे होती.

त्या दिवशी बोटीतून आनंदीबाई उतरल्या. भाचीच्या लग्नाला खारेपाटणला निघालेल्या, अंगावर पांढरे स्वच्छ लुगडे. गंगारामची गाडी भरली होती म्हणून त्या आमच्यात बसल्या. दार लागले, गाडी तापली, आणि माझ्या अंगातून वास उठू लागला. कट्टा यायच्या आतच त्या ओरडल्या, "थांबव! थांबव मेल्या गाडी! माका लग्नाक जावचा आसा, मासळीच्या बाजारात नाय!"

त्या उतरल्या. लुगड्याच्या मागे तपकिरी डाग, अगदी माझ्या शिवणीच्या आकाराचा. मागून येणाऱ्या बैलगाडीत त्या चढून बसल्या, पण परत आमच्यात आल्या नाहीत.

संध्याकाळी भाई आले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"विठोबा, आगबोट बंद होयसर मी बघतंय. माणसां बसली तर गाडी तुझ्याकडे. नायतर दुसरो डायवर बघूक होयो."

पाऊस तोंडावर आला की आगबोटी बंद होतात. पंधरा दिवस राहिले होते. त्या खांद्याने जाळे ओढवत नव्हते. गाडी गेली तर एकच वाट होती: मुंबई, कुणाच्या तरी खोलीत वळकटी, आणि बायको कृष्णाबाई इकडे एकटी.  विठोबा मागे येऊन माझ्या तेलकट कडेला बसला.

सावली

कृष्णाबाई मासे विकून आली. रिकामी टोपली खाली ठेवून तिने दार उघडले आणि नाकाला पदर लावला. जन्मभर मासे विकलेल्या बाईने!

"होडयेक तेल लावतत, ता माका ठावक आसा. हिका तेल पिवक पोट खंय आसा?"

रिठ्याच्या फेसाने तिने मला तीनदा घासले. घासता घासता विचारले, "तुमी होडयेर दुपारी खंय बसत होतास?"

"शिडाच्या सावळेत. नायतर शीड उतरला काय तेच्यारच आडवो."

"भाजत नाय होता?"

"शीड कित्या भाजतला गो? कापूस तो—"

आणि तो उठून घरात पळाला.

माळ्यावर त्याच्या होडीचे जुने शीड होते. वाऱ्याने झिजून धोतरासारखे मऊ झालेले. पण त्यात वीस वर्षांचा समुद्र होता. मीठ राहिले तर कापड ओल ओढते, अंगाला चिकटते. म्हणून कृष्णाबाईने ते विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतले. सुकवले. कोपरा जिभेला लावून बघितला. खारट. पुन्हा धुतले. पाचव्यांदा तिने जीभ लावली आणि मान डोलावली. विठोबाने माप घेतले, तिने दाभणाने शिवले.

आणि मला झाकले.

मित्रांनो, खरे सांगते, मी रुसले. लाल रंग हीच माझी शान, आणि तीच कुणाला दिसेनाशी झाली. विठोबा आता गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवी, टपावर नारळाच्या ओल्या झावळ्या टाकी. हळूहळू एकेक उतारू परत येऊ लागला. पण भाईंचा निर्णय अजून बाकी होता.

निवत गेलेली

शेवटची आगबोट लागली. बंदरावर भाई स्वतः आले आणि मागे बसले.

"कसालाक उतरतंय. थंय काम आसा," ते म्हणाले. वाटेवरच्या त्या गावी काम काहीच नव्हते, ते माझ्यावर बसून बघणार होते, हे सगळ्या बंदराला ठाऊक होते.

गंगाराम म्हणाला, "भाईनू, पंखो घेवन बसा हां!"

भाईंच्या शेजारी कणकवलीचा एक शिंपी आणि त्याची म्हातारी आई बसली. म्हातारीने वहाणा काढल्या, पाय वर घेतले आणि माझ्यावर चक्क मांडी घातली. माझ्यावर आजवर कुणी मांडी घातली नव्हती.

शिंप्याने शिवणीवर बोट फिरवले. "टाको कोणी घातलो?"

"माझ्या बायलेन," विठोबा म्हणाला.

"जाड आसा. पण सरळ आसा."

भाई ताठ होते. पाठ मला टेकलेली नाही, हात गुडघ्यांवर. डोक्यावर वैशाखाचे ऊन, दोन्ही खिडक्यांतून वारा. कट्टा मागे पडला. मग मला एक खांदा टेकला. मग दुसरा. मग भाईंची मान शिंप्याच्या खांद्यावर गेली, आणि त्यांचे सगळे वजन, सगळेच्या सगळे, माझ्यावर आले.

तोवर मला वाटे, मी माणसांना उचलते. खरे म्हणजे ती माझ्यावर कधी नीट बसलीच नव्हती. अंग चोरून, पायांवर भार ठेवून, उठायच्या तयारीत बसत. शिडाखाली असताना मला पहिल्यांदा माणूस किती जड असतो ते कळले. फार बरे वाटले.

कसाल आले. विठोबाने गाडी हळू केली.

"तेंका उतरूचा होता मां?" शिंपी कुजबुजला.

विठोबाने आरशात बघितले. उठवावे, तर ही झोप मोडते. न उठवावे, तर मालकाचे उतरायचे गाव मागे पडते. त्याचा हात गियरवर तसाच राहिला.

म्हातारी म्हणाली, "निजांदे रे. अशी झोप घरात तरी खंय लागता ह्या उन्हाळ्यात!"

विठोबाने गाडी पुढे काढली.

कणकवलीला भाई जागे झाले. तोंड पुसले, बाहेर बघितले.

"कसाल इला?"

"मागे रवला, भाईनू."

कुणी हसले नाही. भाई कितीतरी वेळ त्या कापडावर तळवा फिरवत राहिले. मग म्हणाले, "पावसात ह्या शीड भिजवू नको. दसऱ्याक बोट सुरू झाली काय पयल्याच दिवशी होया."

"होय," विठोबा म्हणाला. उतरून मागे गेला, टायर बघायला वाकला, आणि बराच वेळ तो टायर बघत राहिला. टायरला काहीच झाले नव्हते.

ओटीवर

त्यानंतर बरीच वर्षे मी त्या रस्त्याने धावले. दोन शिडे झिजली. मोटार भंगारात गेली तेव्हा विठोबाने मला सोडवून देवबागला आणले. एका पावसाळ्यात मला सगळे विसरले आणि कोंबडीने माझ्या कोपऱ्यात चार अंडी घातली. कृष्णाबाईने कोंबडीला झापले, विठोबाला त्याहून जास्त झापले, आणि मला सावलीत सुकवले. आता मी ओटीवर असते. दुपारी दोघे माझ्यावर बसतात, ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये सुपारीचा डबा. माझे बरे चालले आहे.

मित्रांनो, उन्हात उभ्या गाडीत घाईने शिरू नका. दारे उघडा, वारा जाऊ द्या, एखादे जुने सुती कापड अंथरा. आमच्यासारख्यांना तेल नको, पाणी आणि सावली पुरते. आणि तुमच्याजवळ येऊन कुणी लगेच उठून जात असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी आपण किती तापलो आहोत ते हात लावून बघा.