विचार, सांग, परत विचार

तिकीट खिडकीत बसणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात: शो किती वाजता, आणि बाथरूम कुठे. दोन वर्षं मी त्यांची उत्तरं देत होते. त्याआधी एकवीस वर्षं याच तारांगणाच्या वरच्या खोलीत बसून मी अख्खं आकाश फिरवायचे. मी विसरायला लागले म्हणून मला खाली आणलं. निदान मला तरी तेच ठाऊक होतं.

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. भरून तयार, फक्त सही बाकी, आणि द्यायची शेवटची तारीख तीच. भाचीनंच भरून दिला होता. "मावशी, बास झालं आता. डोक्याला आराम दे," म्हणाली. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. मला मूलबाळ नाही, त्यामुळे तिचे लाड करायला मी कुणाला विचारलं नाही. "माय मरो, मावशी जगो," असं ती आईच्या तोंडावर म्हणायची आणि बहीण लाटणं घेऊन तिच्या मागे धावायची.

शिक्षण संपल्यावर मीच तिला इथे आणलं, कंत्राटावर, माझी मदतनीस म्हणून. वरच्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर जुना शो, दुसरीवर नवा, मी दीड वर्ष खपून केलेला. चालू होताना कुठल्या डिस्कवरून उठायचं, हे मशीनला आधी सांगून ठेवावं लागतं. तेही माऊसच्या टिचक्या मारून नाही. काळी खिडकी उघडायची आणि हुकूम टाइप करायचा. एक अक्षर चुकलं की मशीन सरळ तोंड फिरवतं. म्हणून पहिल्याच दिवसापासून मी भिंगरीकडून घोकून घेतलं, विचार, सांग, परत विचार. आधी मशीनला विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या डिस्कवरून उठणार आहेस? मग सांगायचं, अमक्या डिस्कवरून ऊठ. आणि मग परत विचारायचं, काय सांगितलं मी? सांगितलं म्हणजे समोरच्यानं ऐकलंच असं नसतं, मग ते मशीन असो नाहीतर नवरा.

"मावशी, तू या मशीनशीच लग्न केलंयस," ती हसायची. पण शिकली. हात इतका साफ, की मी येईल-जाईल त्याला कौतुक सांगायचे.

नव्या शोच्या उद्घाटनाला तीनशे माणसं आली. आदल्या संध्याकाळी डिस्क मी लावून ठेवली होती. दिवे मालवले, सगळे मान वर करून बसले, आणि मशीन उठलं जुन्या डिस्कवरून. जुन्या डिस्कला नवा शो कुठून वाचता येणार! घुमटभर एकच वाक्य झळकलं, फाइल सापडत नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत, की चष्मा नसलेल्यांनाही दिसलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बोटं कळांवर पडेनात. भिंगरी पुढे झाली, "सरक मावशी," म्हणाली आणि दहा मिनिटांत सगळं जागेवर आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर संचालक साहेबांनी विचारलं, "बाई, काल डिस्क लावली होती ना?"

"लावली होती."

भिंगरीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मावशी, काल तू घाईत निघालीस गं. राहिलं असेल."

राहिलं असेल. माझी आई शेवटची चार वर्षं मलाच विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" तिचंही असंच सुरू झालं होतं, दूध उतू जाण्यापासून. मला वाटलं, आली माझी पाळी. माफीपत्र लिहायला बसले तर पहिली ओळच सुचेना, म्हणून तेही भिंगरीनंच टाइप केलं. 'माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य चुकीमुळे पाहुण्यांसमोर संस्थेची मान खाली गेली. या चुकीला मी एकटीच जबाबदार आहे.' मी सही ठोकली आणि खाली आले. माझ्या खुर्चीत ती बसली. कुणी परकं बसण्यापेक्षा आपलं माणूस बसलेलं बरं, असंही मी वर म्हटलं. शहाणीच मी!

पुढे तिनं मला डॉक्टरकडे नेलं. लक्षणं सगळी तिनंच सांगितली, मी नुसती मान हलवली. घरभर तिनं चिठ्ठ्या डकवल्या: गॅस बंद केला का? किल्ली घेतली का? नळ? मग मी चार-चारदा उठून गॅस बघायला लागले. झोप उडाली. कुणी नाव विसरलं तर लोक हसतात, मी विसरले की घाम फुटायचा.

तर त्या अर्जाच्या दिवशी. आदल्या रात्री वीज गेली होती. सकाळी दोनशे शाळकरी मुलं घुमटाखाली बसलेली, आणि मशीन जुन्या डिस्कवरून उठलेलं. भिंगरी दात काढायला गेलेली, फोन बंद. साहेब स्वतः खिडकीशी आले.

"बाई, वरचं काही थोडंफार आठवतंय का?"

असा राग आला! पण आतून मी इतकी घाबरले होते, की जिन्याच्या पायऱ्या मोजत चढले. खुर्ची तिनं उंच करून घेतली होती, माझे पाय लोंबकळायला लागले. काळी खिडकी उघडली आणि कळांवर बोटं ठेवली. पुढचं सांगू? मला आठवावं लागलंच नाही. बोटं आपली आपण चालली. विचारलं. मशीन म्हणालं, काही ठरलेलं नाही. लक्षात आलं, ठरवलेलं लक्षात ठेवणारा आतला चपटा सेल मेलाय. वीज गेली की ठरवलेलं ते विसरणारच. हे मात्र खरंच विसरलं होतं बिचारं. नव्या डिस्कचं सांगितलं. परत विचारलं. मग बंद करून चालू केलं.

घुमटात काळोख झाला, एक-एक करत तारे उगवले आणि खालून दोनशे पोरांचा "ओऽऽ" असा आवाज आला. मी त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले. साहेब ओशाळून खाली गेले.

शो चाळीस मिनिटांचा. मला वाटलं, सेल कधीपासून त्रास देतोय ते बघावं. फार पूर्वी मी मशीनला सांगून ठेवलं होतं, की काळ्या खिडकीत जे-जे टाइप होईल ते तारीख-वेळेसकट टिपून ठेव. भिंगरीला सगळं शिकवलं, हे तेवढं सांगायचं राहून गेलं. यादी उघडली आणि मागे-मागे जात राहिले. जाता-जाता उद्घाटनाची तारीख आली. बोट थांबलं.

आदल्या संध्याकाळी, सहा वाजून दहा मिनिटं. तीन ओळी. कुठली डिस्क? नवी डिस्क लाव. कुठली डिस्क? उत्तर, नवी.

मी लावली होती. मी विसरले नव्हते! त्या अंधारात मला ओरडावंसं वाटलं. दोन वर्षं ज्या डोक्याला मी शिव्या घातल्या, ते डोकं धडधाकट होतं.

मग खालच्या ओळी वाचल्या. उद्घाटनाचा दिवस, सकाळी सात वाजून पाच मिनिटं. पुन्हा तीन ओळी. कुठली डिस्क? जुनी डिस्क लाव. कुठली डिस्क?

विचार, सांग, परत विचार.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर एकच ओळ असती. जुनी डिस्क लाव, की पळ. हिनं माझा गळा कापायच्या आधीसुद्धा मशीनला नीट विचारलं, आणि कापून झाल्यावर परत एकदा खात्री करून घेतली. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ती ही. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले.

दार उघडलं. भिंगरी. गालात कापूस, तोंड सुजलेलं. "मावशी? तू वर कशी? काही बिघडवलं नाहीस ना?"

त्या खोलीत मोठ्यानं बोलता येत नाही, खाली ऐकू जातं. म्हणून आमचं सगळं भांडण कुजबुजत झालं. बाहेर माझाच ध्वनिमुद्रित आवाज मुलांना शनीची कडी समजावून सांगत होता.

"इकडे ये. वाच."

तिनं वाचलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा उतरलेला मला स्वच्छ दिसला. तरी ती काय म्हणाली माहितीये? माझा हात हातात घेतला आणि डॉक्टरकडे वापरते त्याच मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, अगं तूच केलं असशील सकाळी येऊन. तुला आठवत नाहीये."

आणि देवाशपथ सांगते, क्षणभर मला खरं वाटलं. पुरावा डोळ्यांसमोर असून खरं वाटलं. इतकं तिनं मला पोखरलं होतं.

मग मी डोळे मिटले आणि त्या सकाळी मागे गेले. कोपऱ्यावरचं घर, इस्त्रीचं टेबल, फोनची घंटा.

"सात वाजून गेले होते," मी म्हटलं. "मी नव्या कपड्यांना इस्त्री करत होते. तुझा फोन आला. मावशी, सावकाश ये, मी पोचलेय, मशीनची काळजी करू नकोस. तुझ्याशी बोलता-बोलता इस्त्री टेकलेली राहिली आणि बाही करपली. दुसरं काहीतरी घालून आले मी. ती करपलेली बाही अजून कपाटात आहे, चल दाखवते. मला आठवतंय, भिंगरे. सगळं आठवतंय."

तिनं माझा हात सोडला.

"महिनाअखेरीला कंत्राट संपत होतं माझं," ती म्हणाली. कापसामुळे शब्द जाड येत होते. "साहेब म्हणाले होते, दोघींची गरज नाही. मला वाटलं, दहा मिनिटांचा घोळ होईल, मी निस्तरेन, त्यांच्या डोळ्यांत भरेन. तुला खाली पाठवतील असं वाटलं नव्हतं गं."

"मला सांगितलं असतंस तर मी स्वतः उठून दिली असती खुर्ची."

"माहितीये."

"माहितीये! आणि पाठवल्यावर? माफीपत्र कुणी टाइप केलं?"

तिनं गालातला कापूस सारखा केला.

"बरं, नोकरीसाठी केलंस. पोटासाठी माणूस काय-काय करतो. डॉक्टर कशासाठी? चिठ्ठ्या कशासाठी? आजीचं काय झालं होतं ते तू डोळ्यांनी बघितलंयस. त्याच विहिरीत मला ढकललंस आणि वरून दोर सोडत बसलीस?"

ती रडायला लागली. "मला नंतर खरंच वाटायला लागलं मावशी, की तू विसरतेस. तू गॅस चार-चारदा बघायचीस..."

बाहेर शो संपला, दिवे लागले, पोरं कलकलाट करत उठली.

साहेब वर आले, हसत. "बाई, कमाल केलीत!"

"साहेब, माझ्या फाइलीतलं माफीपत्र आणता का? दोन वर्षांपूर्वीचं."

आधी त्यांना कळेना. मी पडद्याकडे बोट केलं. तारांगणाचा संचालक झाला तरी तारीख-वेळ वाचता येतेच. ते एकदा पडद्याकडे, एकदा भिंगरीकडे बघत राहिले आणि खाली जाऊन कागद घेऊन आले.

मी माझ्या सहीवर काट मारली आणि कागद भिंगरीपुढे ठेवला.

"मजकुरातलं अक्षरही बदलायला नको. तुझाच आहे. तेवढी सही कर."

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी काच फोडली की आईनं पकडायच्या आत माझ्याकडे अशीच बघायची, आणि दर वेळी मी म्हणायचे, माझ्या हातून फुटली गं. या वेळी मी काही म्हणाले नाही. तिनं सही केली. पर्समधला निवृत्तीचा अर्ज काढून मी त्याचे चार तुकडे केले, खुर्ची माझ्या उंचीला खाली केली आणि साहेबांना सांगितलं, नवा सेल मागवा, तोवर रोज सकाळी डिस्क मी लावीन.

संध्याकाळी बहिणीचे पाच फोन आले. मी उचलले नाहीत. तिला काय सांगायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घरभरच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या, डिंकाचे डाग तेवढे राहिले. चहा केला, गॅस बंद केला, कप घेऊन खुर्चीत टेकले.

गॅस बंद केलाय, मला माहीत होतं. बटण फिरवलेलं बोटांना आठवत होतं. सकाळी त्याच बोटांनी आकाश चालू केलं होतं.

दोन घोट घेतले आणि उठून बघून आले. बंदच होता.