काकडीची खेप

मित्रांनो, मी तिसगावची एक जुनी जीप आहे. माझा कारखाना मला आता आठवत नाही. आठवतो तो पहिला झेंडूचा हार आणि बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. तेव्हा माझा मालक आसाराम मला रोज धुवायचा. पुढे वऱ्हाडं, बाळंतिणी, कांद्याच्या गोण्या ओढता ओढता माझा किलोमीटरचा काटा कायमचा थांबला. मी मात्र थांबले नाही. थांब म्हणायला कुणाला सवड होती?

त्या दिवशीचं सांगते. आमच्या गावात घड्याळं दुरुस्त करणारे नूरुद्दीनचाचा आहेत. त्यांची लेक अरफा हैदराबादला नांदते. पहिलंच बाळंतपण, आणि पोटात बाळ आडवं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ऑपरेशन ठरलं. "अम्मी आल्याशिवाय मी आत जाणार नाही," असा पोरीने हट्ट धरला.

चाचांनी मोबाईलवर पाहिलं. शिर्डीच्या विमानतळावरून हैदराबाद फक्त सव्वा तास. विमान साडेबाराचं. हा विमानतळ आहे काकडी नावाच्या गावात. चाचांनी आसारामला फोन केला, "उद्या सकाळी सातला ये. काकडीला जायचंय."

सातला मी दारात उभी राहिले, तेव्हा माझ्या पाठीवर काकड्यांच्या दहा गोण्या होत्या!

"आसाराम, ह्ये काय रं?" चाचांच्या बायको सरवरीचाची पिशवी धरून बघतच राहिल्या.

"चाचाच म्हनले न्हवं, काकडी? लई मळे फिरून गोळा केल्यात."

"आरं, गाव हाय ते! इमानाचं गाव!"

"मंग इमानाच्या गावाला काकडी नाव कुनी ठिवलं?"

गोण्या उतरवायला वेळ नव्हता. तशीच निघाले. करंजीच्या घाटात अर्ध्या चढावर मला धाप लागली, तोंडातून वाफ आली आणि मी जागीच बसले. काकड्यांच्या नादात आसाराम रेडिएटरचं पाणी बघायला विसरला होता.

चाचा सारखे घड्याळ बघत होते. गाड्या सुसाट जात होत्या, थांबत कुणीच नव्हतं. चाचींनी पदराने डोळे पुसले, एक गोणी फोडली आणि दोन्ही हातांत काकड्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"पानी द्या, काकडी न्या!"

एक ट्रकवाला हसत थांबला. मग एसटी थांबली. बायकांनी खिडकीतून बाटल्या दिल्या, ओटीत काकड्या घेतल्या. आसारामने मला जरा निवू दिलं, मग घोट घोट पाणी पाजलं. तहान भागली आणि पाठही हलकी झाली. पुढचा सगळा रस्ता कण्हत कापला. विमानतळाचं दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना आम्ही काकडीला पोचलो.

उतरल्यावर चाचींनी माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला असणार, पण त्यांनी तो लगेच काढला नाही.

अरफाला मुलगी झाली. आई आल्यावरच ती आत गेली म्हणे. गावात जो तो सांगतो, "चाची सव्वा तासात हैदराबादला पोचली!" माझे सव्वाचार तास कुणीच मोजत नाही.

मित्रांनो, थकलेल्याला कौतुक नसलं तरी चालतं. निघण्याआधी कुणी पाणी विचारलं तरी पुष्कळ. आसाराम आता रोज विचारतो. आधी मला तांब्याभर, मग स्वतःला चहा. आणि फोनवर कुणी काकडी म्हटलं, की म्हणतो, "खायची, का उडायची?"