सतरा खणांची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, सतरा खणांची. पैसा-दागिना माझ्यात कधीच नव्हता. तरी एके काळी माझा तोरा काय विचारता!

सुताराने मला भाषांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंसाठी बनवलं. बाई हौसेने सांगायच्या, "कोणी, कोणाला, कशाने, कुठून, हे प्रत्येक भाषा आपल्या तऱ्हेने दाखवते. आपण शब्दाला ने, ला, हून जोडतो. कुणी शब्दाआधी वेगळाच शब्द ठेवतं. कुठे खूणच नाही, नुसत्या जागेवरून ओळखायचं. आणि आमच्या मावशींच्या भाषेत अशा खुणा सतरा!" म्हणून माझे खणही सतरा.

या मावशी शिवणकाम करायच्या. त्यांची भाषा बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दुपारी येऊन त्या आपल्या आईची एक लांबलचक गोष्ट सांगायच्या, नदीतल्या म्हाताऱ्या माशाची आणि एका मुलीची. बाई ती अर्थासकट वहीत उतरवायच्या. मग कात्रीने एकेक वाक्य कापून कार्डावर चिकटवायच्या आणि खुणेप्रमाणे माझ्यात टाकायच्या. 'माशाने' या खणात, 'माशाला' त्या खणात.

मावशींना हसू यायचं. "अगं बाई, कापायच्या आधी खडूने खुणा करतात! नाहीतर बाही कुठली नि पाठ कुठली, कळायचं कसं?"

"माझ्या डोक्यात आहे सगळं," बाई म्हणायच्या.

बाईंचं त्या खुणांवरचं पुस्तक झालं, वाहवा झाली. लोक मुद्दाम मला बघायला यायचे. पुढे मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर फुलदाणी आली. बाई थकल्या, मावशी तर गेल्याच.

एक दिवस मावशींची मुलगी आली. "आई तिच्या भाषेत गोष्ट सुरू करायची आणि मी कंटाळून उठून जायचे. आता फार जीव तुटतो हो. तुमच्याकडे आहे ना ती?"

"आहे तर! अख्खी आहे," बाई लगबगीने उठल्या.

माझे सगळे खण जमिनीवर रिकामे झाले. चारशे बारा कार्डं. बाई लावू लागल्या. माशाने तिला वाट दाखवली. तिने माशाला सोडलं. यातलं आधी कुठलं? कोणी, कोणाला, कशाने, सगळं होतं. मग काय झालं, याला मात्र खणच नव्हता.

"शेवटी गोष्टीतली ती मुलगी घरी येते का हो?" मावशींच्या मुलीने विचारलं.

बाईंनी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "कार्डं दोन्ही आहेत गं. 'ती घरी आली.' 'ती नदीत गेली.' शेवटचं कुठलं, आठवत नाही मला."

मला ठाऊक होतं! अर्थासकट सगळी गोष्ट मी ऐकली होती. पण लाकडाला वाचा कुठली? मावशींच्या मुलीने कार्डं पिशवीत भरली, बाईंच्या पाया पडली आणि निघून गेली.

मित्रांनो, जपण्यासाठी काही कापाल, तर आधी खडूची एक रेघ ओढा. आणि खांद्याला कार्डांची पिशवी लावलेली कोणी बाई भेटली, तर तेवढं तिला सांगा. गोष्टीतली ती मुलगी नदीत आधी गेली होती. मग ती घरी आली.